सल्ला हवा: १८९३-एस मॉर्गन डॉलर (अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं; ‘एस’ ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण) घेताना काय तपासावं?

चांदीचा_रुपया: ग्रेडिंग (तज्ज्ञांकडून अस्सलपणा नि दर्जाची तपासणी) न झालेलं, बरंच झिजलेलं नाणं आहे. वजन २६.१ ग्रॅम, चुंबकाला चिकटत नाही. भाव बाजारापेक्षा पुष्कळ कमी सांगतोय. घ्यावं का?

टांकसाळ्या: वजनावरून काहीच ठरणार नाही. नवं नाणं २६.७३ ग्रॅमचं, त्यामुळे झिजलेलं तेवढं भरेलच. पण इथली नेहमीची लबाडी खऱ्या नाण्यावरच केलेली असते. फिलाडेल्फियाच्या १८९३ च्या नाण्यावर टांकसाळीची खूण नसते, तिथे ‘एस’ चिकटवतात. वजन, व्यास, ९० टक्के चांदी, सगळं बरोबर येतं! नाहीतर १८९८-एस घेऊन शेवटच्या आठाचा तीन कोरतात.

म्हणून आधी मुखवट्याची बाजू बघा. सॅन फ्रान्सिस्कोत त्या वर्षी १,००,००० नाणी पडली आणि त्या बाजूचा साचा सगळ्यांना एकच होता. सालातला १ काठाच्या एका दात्याच्या बरोबर वर, मधोमध येतो. लिबर्टी या अक्षरांतल्या ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक तिरकी रेघ असते. दहापट भिंग घ्या, उजेड बाजूने पडू द्या आणि नाणं हळूहळू फिरवा.

मग मागची बाजू. माळेखाली, ‘डॉलर’च्या डी आणि ओ यांच्या वर ‘एस’ असतो. त्याच्या बुडाशी फट, डाग किंवा वेगळा रंग दिसला तर नाणं परत करा.

चांदीचा_रुपया: टीवर रेघ आहे, पण खोलगट वाटते.

टांकसाळ्या: मग तो ओरखडा. साच्यावरचा चरा नाण्यावर उंच उठतो, खोल जात नाही. सोडून द्या.

जुनी_नाणी: सहमत. या सालाचं नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच घ्यावं. डब्याही नकली येतात, तेव्हा डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या साइटवर टाका आणि फोटो असेल तर ओरखडे नि डाग जुळवून पाहा. क्रमांक खरा नि आतलं नाणं भलतंच, असंही चालतं.

आणि कुठलंही नाणं पॉलिश, बेकिंग सोडा, चिंच यांनी घासू नका. फिरवताना चाकासारखी सरकणारी झळाळी एकदा गेली की परत येत नाही, भावही पडतो. मऊ पीव्हीसी पाकिटाचा हिरवा चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काचेच्या वाटीत बुडवा, घासायचं नाही, आपोआप वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल नि सुगंध असतो. विस्तवापासून लांब, खिडकी उघडी.