उसाच्या पट्ट्यातून पाहिलेली ऊर्जासुरक्षा

इथेनॉल वाढले की तेलाची आयात घटेल आणि ऊर्जासुरक्षा साधेल, या नेहमी मांडल्या जाणाऱ्या मताशी मी अंशतःच सहमत आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले. परंतु पाऊस कमी झाल्याने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रालाच निर्बंध घालावे लागले, हे कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीकडील आम्हा ऊस उत्पादकांच्या चांगलेच लक्षात आहे. पावसावर अवलंबून असलेले इंधन एकट्याने सुरक्षितता देऊ शकत नाही.

त्यापेक्षा कोणती वीज वर्षात कधी मिळते, या वेळापत्रकाचा विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते. आमच्याच जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरांवरील पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात चालतात, तर साखर कारखान्यांची बगॅसवरील (रस काढल्यानंतर उरलेल्या उसाच्या चिपाडावरील) वीज गाळप हंगामात, म्हणजे हिवाळ्यात मिळते. ही दोन्ही साधने एकमेकांना पूरक आहेत.

कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, त्यामुळे शेतकरी स्वतःहून सौरपंपाकडे वळेल ही अपेक्षा फोल ठरते. पीएम-कुसुम या केंद्राच्या कृषी-सौरऊर्जा योजनेतून पंपांचे फीडरच (पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्याच) सौरऊर्जेवर आणले, तर मोफत विजेच्या अनुदानाचा भार हलका होईल आणि पंपांना दिवसा वीज मिळून रात्री विंचूकाट्यात पाणी पाजण्याची वेळही येणार नाही.