जोडीदाराच्या चॅटचा संशय : फोन उघडावा की तोंड?

तिठा

संशयाची सुरुवात बहुतेक घरांत सारखीच होते. फोन टेबलावर पालथा पडायला लागतो, आंघोळीलाही सोबत जातो, स्क्रीनवर नावाऐवजी नुसतं 'नवीन मेसेज' झळकतं. मग समोरचा झोपला की त्याचं बोट लावून फोन उघडायचा मोह होतो. माझं मत आधीच सांगून टाकते : उघडू नका. नीतिअनीती बाजूला ठेवा, हा व्यवहारच तोट्याचा आहे.

चोरून वाचलं की पुढची सगळी चर्चा 'तू माझ्या फोनला हात का लावलास' याच्यावर जाते आणि मूळ प्रश्न तसाच पडून राहतो. शिवाय चॅटमधल्या एका ओळीला मागचापुढचा संदर्भ नसतो. 'घरी कळू देऊ नकोस' हे वाक्य प्रेमप्रकरणात लिहिलं जातं, तसंच ऑनलाइन रमीत हरलेल्या पैशांबद्दल, लोन अ‍ॅपच्या हप्त्यांबद्दल आणि माहेरच्या वाटणीच्या भांडणाबद्दलही.

विचारायचं असेल तर वेळ निवडा. रात्री अकराला नको, सासूसासरे शेजारच्या खोलीत असताना नको, मुलं जागी असताना तर नकोच. पाऊण तास मोकळा हवा. सुरुवात डोळ्यांनी पाहिलेल्या एकाच गोष्टीने करा : 'गेले तीन आठवडे तू फोन पालथा ठेवतोस, मी आले की स्क्रीन बंद करतोस. मला अस्वस्थ वाटतंय.' इथे थांबा. 'कोण आहे ती?' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका, त्यावर 'कुणी नाही' याशिवाय दुसरं उत्तर येत नाही. आणि भावाला किंवा मामांना बैठकीला बोलावणं ही सगळ्यात महागडी चूक. एकदा चारजणांत विषय निघाला की दोघांनाही माघार घ्यायला जागा उरत नाही.

रोखठोक नाना

ऐकायला छान आहे. आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. तुम्ही विचारलंत की त्याच रात्री सगळं साफ. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज साधारण अडीच दिवसांपर्यंत दोन्ही बाजूंनी पुसता येतो. 'डिसअपिअरिंग' चालू असेल तर निवडलेल्या मुदतीनंतर, अगदी चोवीस तासांतही, आपोआप जातो. २०२३ पासून चॅट लॉक आहे : ते संभाषण यादीत दिसतच नाही आणि वर गुप्त कोड लावला की लॉक केलेल्या चॅटचा कप्पासुद्धा गायब होतो, शोधपट्टीत कोड टाकला तरच उघडतो. म्हणजे पाऊण तासाच्या संवादाने तुम्ही समोरच्याला फक्त सावध करता.

आणि कायद्याची भीती घालू नका. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय की नवराबायकोच्या खटल्यात चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालतं.

काळा कोट

नाना, तो निकाल पूर्ण वाचा. १४ जुलै २०२५ चा तो निकाल भटिंड्याच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणातला. नवऱ्याने बायकोशी झालेले स्वतःचे फोन रेकॉर्ड केले होते. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने ते नाकारले, सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारले. बायकोचं तिसऱ्या माणसाशी झालेलं चॅट तिच्या फोनमधून काढणं ही वेगळी गोष्ट आहे. आणि 'पुरावा दाखल होऊ शकतो' याचा अर्थ 'तो मिळवण्याची पद्धत कायदेशीर आहे' असा होत नाही. ही दोन खाती वेगळी आहेत.

दुसरं खातं बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ : मालकाच्या परवानगीशिवाय उपकरणात शिरणं, त्यातला डेटा उतरवून घेणं. त्याची भरपाई मागता येते, आणि महाराष्ट्रात तो दावा माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. दुसऱ्याचा पासवर्ड तशाच हेतूने वापरला तर ६६-सी. पुरुषांसाठी आणखी एक : भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीच्या इंटरनेट वा ईमेल वापरावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे, आणि त्या कलमात नवऱ्यासाठी अपवाद लिहिलेला नाही.

रोखठोक नाना

'अप्रामाणिक हेतू' हा शब्द तुम्हीच लिहिलात. स्वतःचं लग्न वाचवायला किंवा सत्य शोधायला फोन बघणारा अप्रामाणिक कसा? त्यात कुणाचा पैसा लुबाडलेला नाही. आणि कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १४ म्हणतं की वाद सोडवायला उपयोगी पडेल असं न्यायालयाला वाटलं, तर पुरावा कायद्याच्या चौकटीत न बसणारा कागदही ते घेऊ शकतं.

काळा कोट

हा मुद्दा वकील मांडतात आणि मांडायलाही हवा. पण तो तुम्ही आरोपीच्या जागी उभे राहून मांडणार आहात, हे विसरू नका.

कलम १४ ने दार उघडतं, कागदाला वजन येत नाही. नेहमी आणले जाणारे स्क्रीनशॉट बघा. वर नाव असतं 'सुनील प्लंबर'. नंबर कुठेच नाही. मधे तारखेच्या जागी 'काल' लिहिलेलं. कुठला काल? नाव तर कुणीही कुठल्याही नंबराला देऊ शकतं. दोन फोन घेतले तर असं अख्खं संभाषण दहा मिनिटांत तयार होतं, आणि समोरचा वकील नेमकं हेच विचारतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग : एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा अंकी ठसा. जुन्या पुरावा कायद्यातही असं प्रमाणपत्र अनिवार्यच होतं, हे २०२० साली जालन्याच्या निवडणूक याचिकेतच ठरलं. आता उपकरण बायकोचं असेल तर पहिल्या भागावर सही कोण करणार?

जोडणी

तांत्रिक बाजू राहिलीय. 'झोपेत बोट लावलं' याच्या पुढची पायरी म्हणजे समोरच्याचं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या लॅपटॉपवर जोडून ठेवणं. लोकांना वाटतं हे कळत नाही. 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडलं की जोडलेलं यंत्र आणि ते शेवटचं कधी चालू होतं, दोन्ही दिसतं. म्हणजे चोरी करून वर आपली सही ठेवून यायचं.

त्याहून वाईट ते हेरगिरीचं अ‍ॅप. ते प्ले स्टोअरच्या बाहेरून येतं, टाकण्यासाठी प्ले प्रोटेक्ट (गुगलची अ‍ॅप तपासणी) बंद करावं लागतं आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते. ही परवानगी म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचण्याची मुभा. चॅट तुम्हाला दिसतं खरं, पण त्याचबरोबर बँकेचे ओटीपी आणि मुलांचे फोटो कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर जाऊन बसतात. संयुक्त खातं असेल तर स्वतःच्याच तिजोरीची किल्ली रस्त्यावर ठेवल्यासारखं.

उलट बाजूने शंका असेल, म्हणजे आपल्याच फोनमध्ये काही घातलंय असं वाटत असेल, तर बघायच्या जागा : लिंक्ड डिव्हायसेस, अ‍ॅक्सेसिबिलिटीत चालू असलेली अनोळखी सेवा, डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स, प्ले प्रोटेक्ट बंद आहे का. सापडलं तर लगेच काढू नका. आधी दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो घ्या, मग दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला, मग काढा. आधी काढलं तर तक्रारीला हातात काही राहत नाही.

खासगी गुप्तहेराकडून कॉलची यादी मिळवण्याच्या भानगडीत तर पडूच नका. २०१८ साली ठाणे पोलिसांनी सीडीआर, म्हणजे अशाच कॉलच्या नोंदींच्या विक्रीच्या प्रकरणात गुप्तहेरांनाच अटक केली होती. आणि त्या यादीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल नसतातच.

ओवी

सगळे पुराव्याच्या मागे लागलेत. पण पुरावा कशाचा? २७ सप्टेंबर २०१८ ला कलम ४९७ गेलं, व्यभिचार आता गुन्हा नाही. तो फक्त घटस्फोटाचं कारण आहे आणि त्यासाठी शरीरसंबंध दाखवावा लागतो. हृदयाच्या इमोजींनी तो सिद्ध होत नाही. पोटगी वाचवायला चॅट शोधणाऱ्या नवऱ्यांसाठी : कायद्याचे शब्द 'व्यभिचारात राहत असेल' असे आहेत, म्हणजे चालू स्थिती. दोन वर्षांपूर्वीचे मेसेज तिथे फार उपयोगी पडत नाहीत.

आणि आरोप फसला तर उलटतो. लेखी कैफियतीत बायकोच्या चारित्र्यावर बिनबुडाचे आरोप करणं हीच क्रूरता, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली म्हटलंय.

मात्र तिठाताई, तुमच्या पाऊण तासालाही माझा आक्षेप आहे. जिथे हात उगारला जातो, तिथे 'मला अस्वस्थ वाटतंय' म्हणून बसायचं नसतं. अशा बाईने आधी स्वतःचे कागद एकत्र करावेत : आधार, शिक्षणाची प्रमाणपत्रं, लग्नाचा दाखला, बँकेचं विवरण, दागिन्यांच्या पावत्या. त्यांचे फोटो माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवावेत. १८१ हा महिला मदतवाहिनीचा नंबर पाठ असावा. संशयाचा विषय त्यानंतर.

तिठा

ओवी, मान्य. मारहाण असेल तिथे मी लिहिलेलं लागू नाही, हे मूळ लेखातच यायला हवं होतं.

नानांच्या मुद्द्यावर : सावध होऊन समोरच्याने चॅट पुसलं, तर नुकसान खटल्याचं होतं, नात्याचं नाही. ज्याला पुढे नांदायचंय त्याला चॅटपेक्षा पुढच्या दोन आठवड्यांतलं वागणं जास्त सांगतं. फोन उताणा झाला का? त्या व्यक्तीचं नाव घरात सहज यायला लागलं का? की नवा पासवर्ड आला? ठरवायचंच असेल तर पासवर्डची देवाणघेवाण ठरवू नका, ती आठवडाभर टिकते आणि दुसरं सिम येतं. नेमकं ठरवा : त्या व्यक्तीशी रात्री दहानंतर बोलणं नाही, मेसेज पुसणं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बसू.

रोखठोक नाना

पासवर्डला एवढा विरोध का? लग्नात लपवण्यासारखं काय असतं?

काळा कोट

आपणहून दिला तर विरोध नाही. मागून, दम देऊन घेतला तर आहे. छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२५ मध्येच सांगितलंय की नवरा बायकोला मोबाइलचा पासवर्ड द्यायला भाग पाडू शकत नाही. खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या नऊ न्यायाधीशांच्या निकालानंतर तो लग्नाच्या उंबरठ्यावर काढून ठेवायची चीज राहिलेली नाही.

रोखठोक नाना

बरं. दुसऱ्याच्या फोनला हात नाही लावत. पण तिने किंवा त्याने माझ्या फोनवर पाठवलेल्या कबुलीच्या मेसेजचं काय? तेही सोडून द्यायचे?

काळा कोट

अजिबात नाही, खरा पुरावा तोच. नवराबायकोतलं बोलणं एरवी संरक्षित असतं, पण दोघांच्या आपसातल्या दाव्यात ते चालतं. चॅटमधून 'एक्सपोर्ट' करा. त्या मजकूर फाइलमध्ये प्रत्येक ओळीला तारीख आणि वेळ येते, स्क्रीनशॉटसारखं नुसतं 'काल' नाही. संपर्कातलं नाव तात्पुरतं काढून नंबर दिसेल असं एक्सपोर्ट करा. व्हॉइस नोट असतील तर मीडियासह घ्या. आणि मुख्य म्हणजे तो हँडसेट विकू नका, फॉरमॅट करू नका, एक्सचेंजमध्ये देऊ नका. दिवाळीच्या ऑफरमध्ये जुना फोन गेला आणि हातात फक्त प्रिंट उरल्या, तर प्रमाणपत्राचा पहिला भाग भरताना उपकरणाच्या रकान्यात लिहायला काही राहत नाही.