मदत हवी आहे : स्वतंत्र भारत पक्षाचा जुना जाहीरनामा कुणाकडे आहे का?

नमस्कार मंडळी. एमएच्या प्रबंधिकेसाठी शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशींनी १९९४ मध्ये काढलेल्या स्वतंत्र भारत पक्षावर लिहितेय. विषय सुचला तो आजोबांच्या ट्रंकेमुळे. त्यात शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला सापडला, मागची पिन गंजून धोतराच्या पानाला चिकटलेली. आजोबा १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनात होते, पण पुढे पक्षाचं नाव निघालं की गप्प बसायचे. का, ते विचारायचं राहूनच गेलं.

पक्षाची मूळ भूमिका कळते: निर्यातबंदी नको, जीवनावश्यक वस्तू कायदा नको, सूट-सबसिडी नको, घामाचे दाम द्या. राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारी) १९५९ च्या स्वतंत्र पक्षाशी असलेलं नातंही नावातच आहे. अडलंय ते पुढे. रस्त्यावर लाखो माणसं आणि २००४ मध्ये विधानसभेत आमदार एकच, राजुऱ्याचे वामनराव चटप! हे गणित गावपातळीवर कसं बिघडलं? जात, पैसा, की संघटनेतल्याच लोकांना राजकारण नको होतं?

दुसरं, बायकांच्या नावे जमीन करायला लावणाऱ्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेचे प्रणेते शरद जोशीच २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाविरुद्ध एकटेच मत देतात (१८६ विरुद्ध १). संघटनेतल्या बायकांना तेव्हा काय वाटलं होतं?

मूळ जाहीरनामा, प्रचारपत्रकं, सभेचे फोटो, काहीही चालेल. झेरॉक्सचा आणि कुरिअरचा खर्च मी देईन. विदर्भ-मराठवाड्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांशी कुणी बोलणं करून दिलंत तर फारच बरं. पुस्तकांची यादी मात्र नको, ती गाईडनी आधीच दिलीय.