उत्तर: मेरी सलिव्हनचं गाव – शुक्रवारच्या आत हवंय

मंडळी, शुक्रवारी रात्रीचं आयर्लंडचं विमान. सासूबाई बरोबर आहेत, वय ८१, आणि त्यांच्या आजीचं, म्हणजे मेरीचं, गाव अजून हाती नाही. अमेरिकेतल्या ब्यूटच्या १९००च्या जनगणनेत जन्मस्थान नुसतं 'आयर्लंड'. मेरीच्या नवऱ्याच्या नागरिकत्वाच्या कागदावरही तेवढंच. कॉर्क काउंटीत मेरी सलिव्हन पोत्यानं आहेत. काका, गणपतीत तुम्ही शेजाऱ्यांची युक्ती सांगितली होती, ती परत लिहाल का?
– मीनल

मीनल, मेरीला बाजूला ठेव. ब्यूट तांब्याच्या खाणींचं गाव. कॉर्कमधल्या बेअरा द्वीपकल्पावरच्या आलिहीसलाही तांब्याच्याच खाणी होत्या, त्या बंद पडत गेल्या तशी घरंच्या घरं तिकडे गेली. जनगणनेच्या त्याच पानावरची वरची-खालची पाच-पाच घरं लिहून काढ. मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्मआई-धर्मबाप म्हणून कोण उभं राहिलं तेही बघ. त्यातलं कमी आढळणारं आडनाव धर आणि ग्रिफिथच्या पाहणीत, म्हणजे आयर्लंडच्या जमीन-घरांच्या करआकारणीच्या यादीत (१८४७–६४) शोध. ती वाडीवार यादी आहे, पण नाव फक्त जमीन कसणाऱ्याचं. म्हणजे मेरी नाही, तिचा आजा सापडेल.
– अशोककाका

पण १९२२ साली डब्लिनला फोर कोर्ट्समधल्या दफ्तरखान्यात आयर्लंडची सगळी जुनी कागदपत्रं जळली ना? आपलं बरं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत मला खापरपणजोबांची मोडी सही मिळाली. बोट ठेवलं तर शाई उठावदार लागत होती. बाबांना फोटो पाठवला, ते रात्रभर झोपले नाहीत.
– सुहास

सुहास, सगळी नाही जळली. १८६१ ते १८९१च्या जनगणना तर सरकारनंच आधी नष्ट केल्या होत्या. १९०१ आणि १९११च्या शाबूत आहेत, फुकट बघता येतात. कॅथलिक चर्चच्या वह्या बहुतेक गावोगावीच राहिल्या म्हणून वाचल्या. १८६४पासून सरकारी जन्मनोंदही आहे.
– अशोककाका

कुलवृत्तांताची कार्यशाळा ग्रंथालय समितीनं घेतली होती, तक्ते माझ्याकडे आहेत. असे प्रश्न आधी समितीकडे आले तर उत्तरं एका जागी राहतील. मीनल, वह्यांत नावं लॅटिनमध्ये असतात, मेरीची मारिया होते. आणि बेअरात सलिव्हन इतके, की प्रत्येक शाखेला वेगळं टोपणनाव. घरात कुणाच्या तोंडी तसं काही आहे का, ते सासूबाईंना विचार.
– वैशालीताई

ताई, मोडी वाचायला शिकवणारं कुणी आहे का समितीत?
– सुहास

काका, मिळालं!! मेरीच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला लाउनी आडनावाची बाई उभी होती, आणि ब्यूटला दोन घरं सोडून लाउनीच. ग्रिफिथमध्ये आलिहीसजवळच्या एका वाडीत सलिव्हन आणि लाउनी लागून आहेत, यादीतला आकडा नकाशावर जुळतो. चर्चच्या वहीत १८७५ची मारियाही सापडली, त्याच वाडीची. सासूबाईंनी वाडीचं नाव तीनदा मोठ्यानं वाचलं. ताई, तक्ते आज रात्रीच पाठवा. आणि तिथल्या चढावर चाकाची खुर्ची जाते का, कुणी गेलं असेल तर कळवा.
– मीनल