मदत हवी आहे: "चोरीचा खोटा आळ घेतला" या ग्राहकाच्या तक्रारीची शहानिशा कशी करावी?

धागाकर्ता:
दुकानातल्या तक्रारींची चौकशी माझ्याकडे आहे. प्रकरण असं: बाहेर पडताना दारातलं चोरीरोधक गेट (न भरलेल्या मालावरच्या लेबलला वाजणारं) वाजलं, रक्षकाने पिशवी उघडायला लावली, आत परफ्यूमचा सीलबंद खोका निघाला. ग्राहक म्हणतात, खोका आधीच दुसऱ्या दुकानातून घेतला होता. रक्षक म्हणतो, रॅकवरून उचलताना पाहिलं. खोका पाकिटात घालून ठेवलेला आहे, बिल नाही.

तक्रार खरी वाटत नाही, कारण फोनवर ग्राहक म्हणाले की बिल घरी आहे आणि मेलमध्ये लिहिलं की टाकून दिलं. किती वेळ अडवून ठेवलं, तेही त्यांनी एकदा २० मिनिटं सांगितलं, एकदा पाऊण तास. रक्षकाच्या मोबाइलवर सीसीटीव्हीच्या स्क्रीनवरून काढलेली ३० सेकंदांची क्लिप आहे, त्यात खोका हातात दिसतो. एवढ्यावर तक्रार फेटाळता येईल का? आणखी काय तपासावं?

प्रतिसाद १:
नाही, एवढ्यावर फेटाळू नका. आधी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग वाचवा, बाकी सगळं नंतर. रेकॉर्डरची डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेली क्लिप उपयोगाची नाही, तिच्यात ना नेमकी वेळ राहते ना मूळ चित्र. रेकॉर्डरमधूनच मूळ फॉरमॅटमध्ये निर्यात करा, सोबत त्याचा प्लेअर घ्या आणि फाइलचा हॅश (फाइलमध्ये काही बदललं की बदलणारा सांकेतिक आकडा) लिहून ठेवा. ग्राहक आत शिरले तिथपासून बाहेर जाईपर्यंतचं हवं, त्या भागातल्या सगळ्या कॅमेऱ्यांचं.

क्लिप सुरू होते तेव्हा खोका आधीच हातात आहे, आणि तुमचा सगळा वाद त्याच्या आधीच्या मिनिटांचा आहे. चोरी पाहिली असं म्हणायला माणूस रॅकजवळ गेलेला, वस्तू उचललेली, लपवलेली आणि पैसे न देता निघालेली दिसायला हवी. त्यात मध्ये नजर कुठेही सुटता कामा नये. मधली ४० सेकंदं खांबाआड गेली असतील तर तेवढ्यात वस्तू दुसऱ्या रॅकवर ठेवलेली असू शकते. प्रवेशद्वाराचा कॅमेरा नीट पाहा: आत येतानाच पिशवीला खोक्याचा आकार होता का? आणि हालचालीवर सुरू होणारं रेकॉर्डिंग असेल तर मधल्या गाळलेल्या जागा मोजा.

प्रतिसाद २:
गेट कोणत्या जातीचं आहे ते सांगा. बहुधा गेटच्या खांबावर लिहिलेलं असतं. सर्वसाधारणपणे दोन प्रकार: ५८ किलोहर्ट्झचं आणि ८.२ मेगाहर्ट्झचं, आणि प्रत्येकाचं मालावर लावायचं लेबल वेगळं. ५८ चं लेबल म्हणजे साधारण साडेचार सेंटीमीटर लांब, एक सेंटीमीटर रुंद अशी प्लास्टिकची फुगीर पट्टी. आत धातूच्या पातळ फिती सैल ठेवलेल्या असतात, कारण त्यांना थरथरायला जागा लागते. गेट स्पंद सोडून गप्प होतं आणि त्या शांततेत फितीची थरथर ऐकतं. ८.२ चं लेबल बहुधा चार सेंटीमीटरचं चौकोनी स्टिकर असतं. उजेडासमोर धरलं की आतलं चौकोनी वेटोळं दिसतं. एका जातीचं गेट दुसऱ्या जातीच्या लेबलला वाजत नाही.

खोका उघडू नका, बाहेरून चाचपून पाहा.

धागाकर्ता:
गेट ८.२ मेगाहर्ट्झचं आहे. खोक्याच्या तळाशी, वेष्टनाच्या आत फुगीर पट्टी लागते. चौकोनी स्टिकर दिसत नाही.

प्रतिसाद २:
मग गेट त्या पट्टीमुळे वाजलं नाही, दुसऱ्या कशाने तरी वाजलं. चाचणी वस्तूंची घ्या, माणसाची नाही. दुकान बंद झाल्यावर फक्त खोका गेटमधून न्या: गुडघा, कंबर आणि खांदा अशा तीन उंचींवर, प्रत्येक उंचीवर तीन बाजू फिरवून, दोन्ही दिशांनी. एकदाही वाजलं नाही तर तसं लिहून ठेवा. त्याआधी एका चालू लेबलने गेट वाजतंय याची खात्री करून घ्या, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. चकचकीत धातूच्या मुलाम्याचा खोका असेल तर आतल्या स्टिकरचा सिग्नल दबतो, हेही नोंदवा.

वाजण्याची नेहमीची कारणं: पाकिटात, बुटात, जॅकेटच्या शिवणीत राहून गेलेलं दुसऱ्या दुकानाचं लेबल, कॅशियरने वस्तू लेबल निकामी करणाऱ्या पॅडच्या फार उंचावरून किंवा घाईने नेल्यामुळे न मेलेलं लेबल, गेटला चिकटून ठेवलेला लेबलवाला माल, शेजारच्या यंत्राचा व्यत्यय. मेलेलं ८.२ चं स्टिकर पुन्हा जिवंतही होतं. ते मारताना त्यात बारीक शॉर्ट सर्किट केलेलं असतं, वाकल्या-चुरगळल्याने ते तुटलं की वेटोळं पुन्हा बोलू लागतं. गेटची नोंदवही असेल तर त्या दिवशी आवाज किती वेळा झाला आणि त्यातून खरोखर माल किती वेळा निघाला, हे पाहा.

पण खोक्याने गेट वाजलं नाही म्हणजे खोका तुमचा नव्हता असंही ठरत नाही. अशी पट्टी कारखान्यातच बसवलेली असू शकते. तुमच्या रॅकवरचे बाकीचे खोकेही चाचपून पाहा.

प्रतिसाद ३:
बारकोडवर विसंबू नका. बारकोड वस्तू कोणत्या प्रकारची आहे एवढंच सांगतो, नेमका हा नग कुठला ते सांगत नाही. म्हणूनच जुनं बिल दाखवून नवा नग नेण्याचा प्रकार चालतो, आणि म्हणूनच प्रामाणिक ग्राहकाच्या बिलानेही पूर्ण पुरावा होत नाही. खोक्याच्या तळाशी छापलेला किंवा कोरलेला बॅच नंबर पाहा आणि रॅकवरच्या, गोदामातल्या, आवक चलनांतल्या बॅचशी ताडून पाहा. ती बॅच तुमच्याकडे कधी आलीच नसेल तर ग्राहकाची बाजू भक्कम. आली असेल तर निर्णय होत नाही, कारण तीच बॅच दुसरीकडेही गेलेली असते.

मग साठा मोजा: शेवटची प्रत्यक्ष मोजणी, अधिक आवक, वजा विक्री, अधिक परत आलेला माल; हा आकडा रॅकवर आणि गोदामात प्रत्यक्ष असलेल्या नगांशी ताडा. पाकिटातला खोका यात धरू नका. एक नग कमी आला तर शेजारच्या दिसायला सारख्या खोक्याचाही हिशेब घ्या. तिथे एक जास्त निघाला तर चूक बहुधा स्कॅनची आहे. शेवटची मोजणी जुनी असेल तर या आकड्याला फार वजन देऊ नका.

काउंटरची इलेक्ट्रॉनिक नोंदही काढा. ग्राहकाने इतर काही घेतलं असेल तर त्या बिलावर न दिसणाऱ्या, रद्द केलेल्या ओळी तिथे सापडतात. दोनदा स्कॅन झालं म्हणून कॅशियरने चुकून दोन्ही काढल्या, बिल थांबवून ठेवलं, पैसे खात्यातून गेले पण बिल बंद झालं नाही, असे प्रकार तिथेच कळतात.

काउंटर आणि कॅमेरा यांची घड्याळं जुळवायला विसरू नका. दोन-तीन बिलं निवडा, गल्ला उघडतानाचा कॅमेऱ्याचा क्षण आणि बिलावरची वेळ यांतला फरक लिहा. तीन मिनिटांचा फरक असेल तर भलत्याच माणसाचं बिल तुम्ही या ग्राहकाचं समजाल.

प्रतिसाद १:
जबाबातल्या फरकाबद्दल. चारचौघांत पिशवी उघडायला लावलेल्या माणसाला २० मिनिटं पाऊण तासाएवढी वाटू शकतात. खरी वेळ कॅमेरा देईल. 'बिल घरी' आणि 'टाकून दिलं' हा फरक विचारण्यासारखा आहे, पण सरळ विचारा: "खोका कधी, कुठे घेतला आणि पैसे कसे दिले?" कार्डाने दिले असतील तर बँकेच्या नोंदीत तारीख असते. तिच्या आधारे ते दुकान बिलाची प्रत देऊ शकतं. उत्तरं तुम्ही सुचवू नका.

रक्षकाचाही लेखी जबाब घ्या, आणि फुटेज दाखवण्याआधी घ्या. "उचलताना पाहिलं" म्हणजे कुठे उभं राहून, किती अंतरावरून, मध्ये नजर हटली का? आता त्याचं एक वाक्य आधीच डळमळीत आहे: गेट या खोक्यातल्या पट्टीमुळे वाजलं, असं तो म्हणत असेल तर ते टिकत नाही.

ग्राहकाला सध्या एवढंच कळवा: गेट वाजलं, पिशवी पाहिली, खोका सुरक्षित आहे, चौकशी अमुक तारखेपर्यंत पूर्ण होईल. त्या पत्रात 'चोरी' आणि 'संशयित' हे शब्द नकोत. कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो गेला असेल तर आजच काढायला लावा. चौकशीअंती काहीच ठरलं नाही, तर आळ सिद्ध झाला नाही असं स्वच्छ लिहा आणि खोका परत करा.

धागाकर्ता:
फोटो ग्रुपवर होता, काढायला लावला. रेकॉर्डर १५ दिवसांचं ठेवतो आणि आज १३ वा दिवस आहे. निर्यात सुरू केली आहे. गेटची चाचणी आज रात्री घेतो, बॅच नंबर उद्या चलनांशी ताडून इथे कळवतो.