मदत हवी आहे: प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात पहिलंच वर्ष, पहिल्या तासाला पुस्तकं घरी द्यावीत का?

नमस्कार.

९ वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते. आता एका प्राथमिक शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आहे. पहिली ते पाचवी, १२ तुकड्या, एका तुकडीत पस्तीसेक मुलं. शाळा उघडायला १० दिवस आहेत. दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ठेवायची नोंद), वर्गीकरण, साठा पडताळणी ही कामं मला नवी नाहीत. पण ज्या वाचकाला अजून वाचता येत नाही आणि ज्याचा हात वरच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, त्याला पुस्तक कसं द्यायचं हे मला शिकून घ्यायचं आहे. जाणत्यांनी कृपया मदत करा.

मुख्य प्रश्न शीर्षकातच आहे. शाळेतल्या अनुभवी शिक्षकांचं म्हणणं असं की पहिला महिना फक्त सवयी लावा. स्वच्छ हात, पान कसं उलटायचं, काढलेलं पुस्तक कुठे ठेवायचं, आवाज किती. त्या अंगवळणी पडल्या की देवघेव सुरू करा, नाहीतर वर्षअखेरीस कपाटं रिकामी होतील. त्यांनी हे होताना पाहिलं आहे, त्यामुळे मी ते उडवून लावत नाही. पण प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एकच तास मिळतो. म्हणजे मूल चार वेळा पुस्तकांच्या खोलीत येणार, सूचना ऐकणार आणि रिकाम्या हाताने परत जाणार. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयांसाठी मांडलेल्या पाच नियमांपैकी पहिलाच 'पुस्तकं वापरासाठी आहेत' हा. परीक्षांत कितीदा लिहिला असेल. लहान मुलांपुढे तो महिनाभर बाजूला ठेवायला माझं मन तयार होत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त लागली आहे. जुन्या देवघेव वहीच्या मागच्या पानांवर २३ मुलांची नावं लाल शाईने लिहिलेली सापडली. प्रत्येकासमोर पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि शेरा, 'पुस्तक देऊ नये'. त्यातली बरीचशी मुलं तेव्हा पहिली-दुसरीत होती. एकाच्या नावापुढे सलग दोन वर्षं तोच शेरा आहे. दोन वर्षं हा मुलगा वर्गाबरोबर ग्रंथालयात येत होता आणि बाकीचे पुस्तक निवडत असताना नुसता बसून राहत होता. वाचायला शिकण्याची नेमकी हीच वर्षं असतात. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मागण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण वाचन बंद करणं हा त्यावरचा उपाय मला पटत नाही. तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?

तिसरा प्रश्न वेळेचा. तास ४० मिनिटांचा. मुलं येऊन बसेपर्यंत ५ मिनिटं, एखादी गोष्ट वाचून दाखवायची तर १०, निवडायला किमान १०. उरली १५. ३५ मुलांची नोंद करायची तर एका मुलाला २५ सेकंद, आणि तेवढ्यात जुनं पुस्तक जमाही करून घ्यायचं. संगणक आहे, बारकोड अजून लावलेले नाहीत, त्यामुळे हे वर्ष हाताने नोंद. मदतनीस नाही.

मांडणीबद्दलही विचारायचं होतं. पुस्तकं ड्युईप्रमाणे, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या दशांश पद्धतीने, लावलेली आहेत. डायनोसॉर ५६७.९ मध्ये, पक्षी ५९८ मध्ये, लोककथा ३९८.२ मध्ये. चौथी-पाचवीला हे शिकवता येईल, त्यांना आवडेलही. पहिली-दुसरीसाठी मात्र उघड्या टोपल्या कराव्यात, त्यांवर प्राणी, गाड्या, घर, आकाश अशी चित्रं लावावीत आणि पुस्तकांची मुखपृष्ठं समोर दिसतील अशी ठेवावीत, असं मनात आहे. ज्याला पुस्तकाच्या कण्यावरचं, म्हणजे कप्प्यात बाहेर दिसणाऱ्या कडेवरचं, नाव वाचता येत नाही, त्याच्यासाठी कप्प्यातली सगळी पुस्तकं सारखीच. कोणी दोन्ही पद्धती एकत्र चालवल्या आहेत का?

जाता जाता एक. खगोलाच्या कप्प्यात सहा पुस्तकं अशी निघाली ज्यांत सूर्यमालेत नऊ ग्रह आहेत. प्लूटोला २००६ मध्येच बटुग्रहांत टाकलं गेलं. पुस्तकं दिसायला नवी आहेत, म्हणून बाद करायला कोणी धजावलं नसावं. मी ती बाद करण्याच्या यादीत घातली आहेत.

प्रतिसाद: शालेय ग्रंथपाल, १९ वर्षं

ताई, पहिल्याच तासाला द्या. मीही सुरुवातीची काही वर्षं आधी नियम, मग पुस्तक असंच करत होतो. पुस्तक हातात नसताना सांगितलेला नियम मुलं पुढच्या तासापर्यंत विसरलेली असतात. आता दर आठवड्याला एकच गोष्ट सांगतो, तीही पुस्तक घेऊन निघताना. पहिली गोष्ट पाण्याच्या बाटलीची. माझ्याकडे सर्वांत जास्त पुस्तकं दप्तरात सांडलेल्या पाण्याने गेली, फाडल्यामुळे नव्हे. पुस्तक पिशवीत घालून द्या आणि बाटली बाहेरच्या कप्प्यात ठेवायला सांगा. एवढ्याने मोठा फरक पडतो.

पण पहिल्या दिवशी सगळी कपाटं उघडू नका. टेबलांवर साठ-सत्तर पुस्तकं उघडी मांडा आणि त्यांतूनच निवडू द्या. पस्तीस मुलांपुढे साडेतीन हजार पुस्तकं ठेवली की निम्मी मुलं गोंधळून उभी राहतात. कपाटं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उघडा, तेव्हा हातात एक पुठ्ठ्याची पट्टी द्या. पुस्तक काढलं की त्या जागी पट्टी खोचायची, नको असेल तर पुस्तक परत तिथेच. पट्टीवर मुलाने स्वतःचं नाव लिहून चित्र काढलं की तो ती सांभाळतो.

नोंदीचं सोपं आहे. तुकडीवार तक्ते आधीच करून ठेवा, मुलांची नावं उभी, आठवडे आडवे. तुम्ही फक्त दाखल क्रमांक लिहायचा. १० सेकंदांच्या वर लागत नाही. परतीची पुस्तकं तासाच्या आदल्या दिवशी वर्गातल्या खोक्यात जमा करायला सांगा, म्हणजे तुमच्या १५ मिनिटांत फक्त देणं उरतं.

आता त्या लाल शाईबद्दल. कोणाशीही बोलण्याआधी ते २३ क्रमांक घेऊन कपाटांपुढे उभ्या राहा आणि एकेक पुस्तक शोधा. शेजारच्या कप्प्यातही बघा. घाईच्या तासाला पुस्तक परत येतं, कपाटात जातं, आणि वहीतली नोंद कापायची राहून जाते. माझ्याकडे दरवर्षी अशी काही निघतात.

प्रतिसाद: पहिलीची वर्गशिक्षिका

टोपल्यांची कल्पना छान आहे, जरूर करा. एक विनंती. पुस्तकांवर पातळीचे रंगीत ठिपके लावून 'तुला फक्त हिरवी' असं करू नका. वर्गात वाचनाचा सराव घेताना आम्ही पातळी बघतोच. ग्रंथालयात तरी मुलाला जे हवं ते उचलू द्या. एका पानावर पाच अडणारे शब्द आले तर पुस्तक अवघड, ही बोटांवर मोजायची युक्ती तिसरीपासून पुढे सांगायला चांगली आहे, पण ती मुलाने स्वतः वापरायची. माझ्या वर्गातली एक मुलगी तीन आठवडे व्हेल माशांचं एकच जाड पुस्तक नेत होती. तिला त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती. चौथ्या आठवड्यात तिने मला चित्रावर बोट ठेवून सांगितलं की व्हेल मासा नाहीच, तो पिल्लांना दूध पाजतो. घरी कोणीतरी तिला रोज वाचून दाखवत होतं.

आणि वर्गशिक्षकांना तासाला तिथेच थांबायला सांगा. आम्हाला तो वेळ वह्या तपासायला हवा असतो, हे खरं आहे. तरीही सांगा. कोणतं मूल पुस्तक घ्यायला लाजतं ते आम्हाला ठाऊक असतं.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. कालचा आख्खा दिवस ती यादी घेऊन कपाटांपुढे होते. २३ पैकी ७ पुस्तकं इथेच आहेत. तीन दुसऱ्याच कप्प्यात, दोन दुरुस्तीच्या गठ्ठ्यात, आणि दोन अगदी स्वतःच्या जागेवर, क्रमांकानुसार. दोन वर्षं शेरा असलेल्या त्या मुलाचं पुस्तक या शेवटच्या दोनांत होतं.

तो आता चौथीत असेल. मुख्याध्यापकांशी आज बोलले. सातही नोंदी कापल्या, आणि बाकीच्या सोळा जणांनाही या वर्षी पुस्तक मिळणार. हरवलेल्यांबद्दल पालकांशी स्वतंत्रपणे बोलायचं ठरलं आहे. त्या मुलाला आणि त्याच्या घरी आपली चूक झाली हे सांगायचं आहे. ते मी सांगणार, कारण वही आता माझ्या ताब्यात आहे.

पहिल्या तासाला पुस्तकं द्यायची, हेही ठरलं. तक्ते आखायला घेतले आहेत, पाच तुकड्यांचे झाले. पिशव्यांचा प्रश्न उरला आहे. चारशे-सव्वाचारशे लागतील. जुन्या कापडाच्या घरून मागवाव्यात की शाळेतच एका मापाच्या शिवून घ्याव्यात? मोठ्या आकाराची चित्रपुस्तकं मावायची असतील तर माप किती ठेवता, तेवढं कोणी सांगाल का?