कलादालनाच्या अंगणातलं मांडणशिल्प: चार महिन्यांचं की कायमचं?

रानजाई (धागाकर्ती)

मुंबईतलं एक खासगी कलादालन आपल्या अंगणासाठी मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) करवून घेणार आहे. त्यांच्या सल्लागार गटात मी आहे. काम हंगामी असावं, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि दरवर्षी नव्या कलावंताला द्यावं, असं माझं ठाम मत आहे. गटातल्या निम्म्या लोकांना हे पटत नाही, म्हणून इथे मांडते.

माझ्यासमोर न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं मोमा पीएस१ आहे. जुन्या शाळेच्या इमारतीतली समकालीन कलेची संस्था, खडी पसरलेलं अंगण, भोवती काँक्रीटच्या भिंती. २००० ते २०१९ या काळात दर उन्हाळ्यात तिथे तरुण वास्तुरचनाकारांना काम दिलं जाई. मागणी मोजकी: सावली, बसायला जागा आणि पाणी. एवढ्या साध्या अटींतून २०१४ साली 'हाय-फाय' उभं राहिलं. मक्याचा चुरडलेला कडबा आणि बुरशीचे तंतू साच्यात भरायचे. तंतू वाढत जाऊन काही दिवसांत घट्ट वीट तयार होते. अशा सुमारे दहा हजार विटांचे, एकमेकांत मिसळलेले तीन मनोरे. हंगाम संपल्यावर विटांचं खत केलं.

कायमचं काम द्यायचं असतं, तर अशा विटेवर कोणती समिती सही करती? मुदत ठरलेली होती म्हणूनच हे धाडस झालं. कायमचं म्हटलं की समित्या ग्रॅनाइट आणि ब्राँझ मागतात, आणि नावही आधीच मोठं झालेलं मागतात.

टाकीचे घाव

अजिबात सहमत नाही. मी दगडात काम करतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे, तरी ऐका.

शिल्प आणि जागा यांची ओळख व्हायला वर्षं जातात. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे ना, तो घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते त्याच्यावरूनच. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना तो पडून फुटला. तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले. सांधे आजही दिसतात. चार महिन्यांच्या कामाला असं आयुष्य कुठून येणार?

दुसरं, पैसे. हंगामी कामात बजेटचा मोठा भाग क्रेन, वाहतूक, उभारणी आणि पाडणी यांतच जातो. तरुण कलावंताच्या हातात मानधन म्हणून जे उरतं त्यात त्याचं सहा महिन्यांचं भाडंही निघत नाही. वर 'एक्स्पोजर मिळेल' हे ऐकून घ्यायचं. दरवर्षी नवा कलावंत म्हणजे दरवर्षी नवा माणूस स्वस्तात.

रानजाई

मानधनाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ते उभारणीच्या खर्चातून वेगळं काढून आधी द्यायला हवं, हे मी गटात मांडणार आहे.

पण कायमचं काम लोकांवर लादलं की काय होतं, तेही बघा. मॅनहॅटनच्या फेडरल प्लाझात १९८१ साली शिल्पकार रिचर्ड सेराचं 'टिल्टेड आर्क' उभं केलं. ३६ मीटरहून लांब, साडेतीन मीटरहून उंच पोलादी भिंत, रोज कामावर येणाऱ्यांच्या वाटेत. तक्रारी झाल्या, १९८९ मध्ये काढून टाकावं लागलं.

टाकीचे घाव

अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९८५ च्या जाहीर सुनावणीत १८० जण बोलले, त्यातले १२२ शिल्प राहू द्या म्हणाले. तरी काढलं. सेराचं म्हणणं होतं की हे काम याच जागेसाठी आहे, हलवणं म्हणजे नष्ट करणं. लोकांचं ऐकलं असतं तर ते आज तिथे असतं.

आपल्याकडे शिल्पकार अमरनाथ सेहगलांचं काय झालं? दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये न विचारता उतरवून गोदामात टाकलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाखांची भरपाई दिली. माणसाचं अर्धं आयुष्य त्यात गेलं. काढायचं कसं, कोणाला विचारून, हे करारात नसेल तर काम चार महिन्यांचं असो की चाळीस वर्षांचं, हाल कलावंताचेच.

वेल्डिंगवाला

मी कलावंत नाही, असली कामं फॅब्रिकेट करून देतो. दोघंही जमिनीखाली बघत नाही आहात.

अंगणातल्या फरशीखाली पाण्याची टाकी असते, ड्रेनेज असतं, केबल गेलेली असते. पाया कुठे खणणार? मग वजनाची बेस प्लेट टाकायची, म्हणजे उंचीवर मर्यादा आली. चारी बाजूंनी भिंती असल्या की वारा आत घुमतो आणि हलकी छतं खालून उचलतो. सगळे वजनाचा हिशोब करतात, या उचलण्याचा कोणी करत नाही.

कायमचं करायचं तर मुंबईची खारी हवा. हल्ली प्रत्येकाला गंजलेलं कॉर्टेन हवं असतं, म्हणजे गंजाचाच थर ज्याला आतून सांभाळतो असं पोलाद. समुद्राजवळ तो थर नीट बसत नाही, गंज चालूच राहतो, आणि पहिल्या पावसात तांबडे ओघळ फरशीवर. ते दगडात मुरतात, निघत नाहीत. स्टेनलेस स्टील घ्यायचं तर ३१६ ग्रेडचं घ्या, ३०४ ग्रेडवर डाग पडतात. आणि धुणार कोण? देखभालीचा आकडा मी आजवर कुठल्याही निविदेत पाहिलेला नाही.

पूर्वाई

मधला रस्ताही आहे. आपल्या मुंबईचे वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांनी २०१६ मध्ये मेलबर्नच्या बागेत एमपॅव्हिलियन हा हंगामी मंडप केला, बांबू आणि दोरीचा. हंगाम संपल्यावर तो तिथल्या प्राणिसंग्रहालयात नेऊन उभा केला. सुटा होईल असाच बांधायचा आणि पुढचं घर आधीच ठरवायचं. आपल्याकडे असं घर म्हणून महापालिकेची शाळा का नसावी?

टाकीचे घाव

बांबूचं ठीक. पण एका अंगणाच्या उन्हासाठी केलेलं काम शाळेच्या मैदानात नेऊन ठेवलं तर ते तेच काम राहतं का? कलावंत हो म्हणाला तरच न्या. माझा आग्रह किमान पाच वर्षांचा आहे आणि त्यावरून मी हलणार नाही.

रानजाई

पाच वर्षं म्हणजे चार कलावंतांची संधी गेली, हे मला मान्य होणार नाही. पण पाडणीचं कलम, वेगळं मानधन आणि देखभालीची रक्कम या तीन गोष्टी प्रस्ताव मागवण्याच्या निवेदनातच छापून येतील, मुदत काहीही ठरो. @वेल्डिंगवाला, फरशीखालचा नकाशा प्रस्ताव मागवण्याआधी कलावंतांना द्यायचा की निवड झाल्यावर?

वेल्डिंगवाला

आधी. नंतर दिलात तर निवडलेलं काम बदलावं लागतं, आणि मग भांडण माझ्या वर्कशॉपमध्ये होतं.